सीटच्या रंगामागचा माणूस

कॉलेज अर्धवट सोडलेल्या एका उंचपुऱ्या माणसानं अमेरिकन गाड्यांचं रूप बदललं. बाहेरून तर बदललंच, पण आतूनही. गिऱ्हाइकाला निवडायची सवय त्यानं लावली. पुढे मसल कारच्या जमान्यात त्या सवयीचं वेड झालं. त्या हार्ली अर्लची ही गोष्ट.

दोस्तहो, नवी स्कूटर नाहीतर बाइक बुक करायला शोरूममध्ये गेलात की पहिला प्रश्न काय विचारता? मायलेज बाबा विचारतात. तुम्ही विचारता, मॅट ब्लॅक आहे का? घरात कार घ्यायची ठरली तर त्यावरही अर्धा तास वाद होतो. सीट बेज घ्यायची की काळी? बेज लवकर मळते, काळी उन्हात तापते. डॅशबोर्ड एका रंगाचा की दोन? इंजिन तेच, चाकं तीच, पण आपण अडून बसतो ते रंगासाठी आणि कापडासाठी.

हा प्रश्न गिऱ्हाइकाला विचारायचा असतो, हे गाड्या बनवणाऱ्यांच्या गावीही नव्हतं असा एक काळ होता. फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून १९२५ पर्यंत काळ्याच रंगात मिळायची. काळं एनॅमल स्वस्त होतं, टिकाऊ होतं आणि लवकर वाळायचं. रंगीत वार्निशचे थर वाळायला आठवडे लागत. मग तेवढे दिवस गाड्या ठेवायच्या कुठे? पुढे १९२४ मध्ये ड्यूपाँ कंपनीचा ड्यूको नावाचा झटपट वाळणारा रंग गाड्यांवर आला आणि ही अडचण मिटली. रंग देणं आता शक्य झालं. पण कोणता द्यायचा, आणि त्याच्याशी आतलं कापड कोणतं जुळवायचं, हे ठरवणारं माणूसच कारखान्यात नव्हतं.

ते माणूस हॉलिवूडमधून आलं.

बग्गीच्या कारखान्यातलं पोर

हार्ली अर्लचा जन्म २२ नोव्हेंबर १८९३ चा, हॉलिवूडमधला. तेव्हा तिथे सिनेमा नव्हता. वडील घोडागाड्या बनवायचे. गाड्यांना घोड्यांऐवजी इंजिन लागलं, तसा त्यांनी १९०८ मध्ये कारखान्याचा मोहरा मोटारींकडे वळवला. हार्ली स्टॅनफर्डला शिकायला गेला खरा, पण डिग्री न घेताच परत आला आणि वडिलांच्या हाताखाली कामाला लागला.

तोवर सिनेमावाले गावात आले होते आणि त्यांच्या हातात पैसा खुळखुळत होता. दुसऱ्यासारखी गाडी कुणालाच नको होती. फॅटी आर्बकलसारखा विनोदी नट, टॉम मिक्ससारखा काउबॉय हीरो अर्लकडे यायचे. टॉम मिक्सच्या गाडीवर तर म्हणे चक्क घोड्याचं खोगीर बसवलं होतं. एक लक्षात घ्या. हे गिऱ्हाईक इंजिनबद्दल बोलतच नव्हतं. त्याला हवा होता रंग, चामडं, दाराची मूठ, आतला थाट. माणूस गाडीत बसतो तेव्हा त्याला स्वतःबद्दल काय वाटतं, हे अर्ल इथे शिकला. कॉलेजात ते मिळालं नसतं.

१९१९ मध्ये कॅडिलॅकचा बडा डीलर डॉन ली यानं हा कारखाना विकत घेतला. हार्लीला मात्र त्यानं जाऊ दिलं नाही. पुढे कॅडिलॅकचा प्रमुख लॉरेन्स फिशर तिथे येऊन गेला आणि अर्लची पद्धत बघून चाट पडला. बाकीचे लोक लाकूड आणि पत्र्यात झटापट करत असताना हा गडी मातीत गाडी घडवत होता. ओल्या मातीत वळण आवडलं नाही तर हातानं पुसा, दुसरं करा. बोनेटपासून मागच्या टोकापर्यंत सगळी गाडी एकाच ओघात दिसायची. आज जगभरातले डिझाइन स्टुडिओ मातीची मॉडेल्स वापरतात. ती पद्धत मोठ्या कारखान्यात रुजवली ती अर्लनं.

चेष्टेचा विषय

फिशरनं त्याला एक काम दिलं. कॅडिलॅकपेक्षा थोडी स्वस्त अशी लसाल नावाची गाडी. मार्च १९२७ मध्ये ती आली आणि गाजली. जनरल मोटर्सचा अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन हुशार माणूस. त्यानं त्याच वर्षी अर्लसाठी नवं खातंच उघडलं. नाव, आर्ट अँड कलर सेक्शन. माणसं पन्नास, त्यातले डिझायनर दहा.

कंपनीतले इंजिनियर या खात्याला ब्यूटी पार्लर म्हणून हिणवायचे. गाडी आम्ही बनवायची आणि हे तिला पावडर लावणार, असा सूर. पण स्लोनचं गणित वेगळं होतं. शेवरलेटपासून कॅडिलॅकपर्यंत त्याच्याकडे गाड्यांची शिडी होती. खर्च वाचवायला वेगवेगळ्या ब्रँडच्या गाड्या बऱ्याचदा एकाच सांगाड्यावर उभ्या राहायच्या. मग जास्त पैसे मोजणाऱ्याला फरक कळणार कसा? पुढच्या जाळीवरून, क्रोमच्या पट्टीवरून, सीटच्या कापडावरून, दाराच्या आतल्या पॅनेलवरून. आतली सजावट हा शौक राहिला नाही. शिडीची पायरी दाखवणारी ती खूण झाली.

याच सुमारास, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सनं आपल्या मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना सुरू केला. डेट्रॉइटमध्ये ठरलेल्या गाड्यांचे सुटे भाग बोटीतून यायचे आणि इथे जोडले जायचे. १९५४ पर्यंत कंपनीचं काम इथे चाललं.

अर्लची सुरुवात काही सगळीच गुलाबी नव्हती. १९२९ ची ब्यूक त्याच्या खात्याचं मोठं काम. त्यानं गाडीच्या बाजूला हलकासा फुगवटा दिला होता. कारखान्यातल्या लोकांनी आपल्या सोयीसाठी खालचा पत्रा आत ओढला आणि उंची वाढवली. फुगवटा भलताच दिसायला लागला. लोकांनी गाडीला नावच पाडलं, पोटुशी ब्यूक. खप आपटला. यातून अर्ल एक गोष्ट शिकला. डिझाइन कागदावर देऊन मोकळं व्हायचं नाही, गाडी कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत पाठ सोडायची नाही. १९४० मध्ये तो कंपनीचा उपाध्यक्ष झाला. ब्यूटी पार्लर म्हणणाऱ्यांना आता त्याच्या केबिनबाहेर थांबावं लागायचं.

माणूस म्हणून तो सोपा नव्हता. सहा फुटांहून उंच, भडक रंगाचे सूट, त्यांना जुळणारे बूट. स्वतः पेन्सिल क्वचितच धरायचा. डिझायनरांच्या मागे उभं राहून रेष अमुक इतकी वर घ्या, खाली घ्या, असं सांगायचा. लोक त्याला टरकून असायचे. आणि त्याच्या खात्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक गाडीचं श्रेय जगात एकाच नावावर जमा व्हायचं.

एक पर्याय ते चाळीस पर्याय

आता गाडीच्या आत शिरू. १९५१ ची लसेबर ही अर्लची प्रयोगाची गाडी. तिच्या सीट विजेवर गरम व्हायच्या. पाऊस पडला की आतला सेन्सर ओलावा ओळखायचा आणि छत आपोआप वर यायचं. हा गृहस्थ ती गाडी रस्त्यावर स्वतः फिरवायचा.

जानेवारी १९५३ मध्ये न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात मोटोरामा नावाचं जंगी प्रदर्शन भरलं. तिथे अर्लनं कॉर्व्हेट दाखवली. फायबरग्लासची बॉडी, दोन सीट. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या आणि सगळ्या एकसारख्या. बाहेरून पांढरी, आतून लाल, छत काळं. बास! दुसरं काही मागायचं नाही. पुढच्या वर्षी निळ्या रंगाची आली, तर तिला आतून बेज दिलं, कारण निळ्याला लाल आतला भाग शोभला नसता. आज एखादी १९५३ ची कॉर्व्हेट आतून बेज दिसली, तर जाणकार लगेच ओळखतो की कुणीतरी हात मारलाय.

१९५५ ची शेवरलेट आली तेव्हा बाहेर दोन रंग आणि आत त्यांना जुळणाऱ्या दोन रंगांच्या सीट, हे मध्यमवर्गाच्या गाडीतही मिळायला लागलं. त्याच गाडीत नवं छोटेखानी व्ही-एट इंजिन होतं, आणि पुढे ते पोरांच्या हाती पडल्यावर काय झालं ते येतंच आहे. दुसऱ्या टोकाला १९५७ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोम. किंमत तेरा हजार डॉलरच्या वर. आत अत्तराची फवारणी, पेल्यांचा सेट आणि आतल्या सजावटीचे चाळीसहून जास्त पर्याय. पायाखालच्या गालिच्याला मेंढीची लोकरही निवडता यायची. चार वर्षांत गाडीचा आतला भाग एका पर्यायावरून चाळीसवर गेला.

मजा वाटते ना? पण यामागचा हिशोबही अर्लनं कधी लपवला नाही. गाडी दरवर्षी थोडी बदलायची, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी मालकाला जुनी वाटायला लागते. ती चालत असते, बिघडलेली नसते. तरी नकोशी होते. मालकाच्या मनात ही टोचणी लावणं हेच आपलं काम आहे, असं तो उघड मानायचा. तुमच्या खिशातला दोन वर्षांचा, ठणठणीत चालणारा फोन तुम्हाला जुनाट का वाटतो, याचं उत्तर इथपर्यंत मागे जातं.

ज्यांची नावं कुणी विचारली नाहीत

मग हे कापड, हे रंग निवडत कोण होतं? पुष्कळदा बायका.

हेलेन रोथर मूळची जर्मन. युद्धात युरोपातून जीव वाचवून लहान मुलीसह अमेरिकेत आली आणि १९४३ मध्ये जनरल मोटर्समध्ये लागली. काम होतं कापडाचे रंग, आतले दिवे, दारांच्या मुठी, सीटची रचना. चार वर्षांनी तिनं स्वतःचा व्यवसाय काढला. १९४८ मध्ये डेट्रॉइटला ऑटोमोबाइल इंजिनियरांच्या संस्थेपुढे ती गाड्यांच्या आतल्या भागावर बोलली. तिथे बोलणारी ती पहिली बाई होती.

पन्नाशीच्या दशकात अर्लनं तरुण डिझायनर मुलींचा एक गटच नेमला. गाडी घेताना बायकोचं मत चालतं, हे त्यानं ताडलं होतं. कंपनीच्या प्रसिद्धी खात्यानं त्यांना डॅमझल्स ऑफ डिझाइन असं नटवं नाव दिलं, म्हणजे डिझाइनच्या सुंदरी. त्या मुलींना ते मुळीच आवडलं नव्हतं. डिझाइन शिकून आलेल्या होत्या त्या, शोभेच्या बाहुल्या नव्हत्या. पण त्यांनी काम करायचं ते गाडीच्या आतच. बाहेरचा पत्रा पुरुषांचा.

१९५८ मध्ये त्यांच्या गाड्यांचं खास प्रदर्शन भरलं. रूथ ग्लेनीनं सजवलेल्या कॉर्व्हेटला चार ऋतूंसाठी सीट कव्हरचे चार सेट होते. हवे तसे बदलायचे. पण त्याच गाडीत आपोआप गुंडाळला जाणारा सीटबेल्टही होता, आणि हे १९५८ मध्ये! मुलांना आतून उघडता येणार नाही अशी दाराची कडी, सामान ठेवायला दोन सीटच्या मधे कप्पा, असल्या कल्पना या गटानं मांडल्या. आज त्यातली एकही गोष्ट तुम्हाला चैन वाटणार नाही.

अर्लला याचं श्रेय द्यायला हवं. त्या काळात एवढ्या मुलींना त्या दारातून आत घेणारा तोच होता. आणि त्यांना दाराच्या आतच ठेवणाराही तोच.

कुंपणापलीकडचे पंख

१९४८ च्या कॅडिलॅकला मागे छोटे पंख फुटले होते. लढाऊ विमान बघून सुचलेली ही कल्पना. अर्लच्या खात्यानं आणली आणि सगळ्यांनी उचलली. पण साल १९५६ उजाडेपर्यंत अर्लच्या गाड्या जाडजूड, गोलमटोल आणि क्रोमनं लगडलेल्या व्हायला लागल्या होत्या. त्या उन्हाळ्यात अर्ल युरोपात असताना त्याच्या खात्यातल्या चक जॉर्डन नावाच्या तरुण डिझायनरनं क्रायस्लरच्या आवाराच्या कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या नव्या गाड्या पाहिल्या. सडपातळ, हलक्या, धारदार. त्यांच्यापुढे आपल्या गाड्या म्हाताऱ्या दिसतात, हे त्याच्या लगेच लक्षात आलं.

बिल मिचेल हा अर्लचा उजवा हात. त्याच्या पाठिंब्यानं पोरांनी साहेबांच्या गैरहजेरीत १९५९ च्या गाड्यांचे आराखडे बाजूला ठेवून नव्यानं सुरुवात केली. एरवी अर्लच्या खात्यात हे म्हणजे बंडच. अर्ल परतला, फिरून सगळं बघितलं आणि त्यानं पोरांना अडवलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या जुन्या करणाऱ्या माणसाला आपणही जुने झालोय हे समजलं असावं. डिसेंबर १९५८ मध्ये पासष्टाव्या वर्षी तो निवृत्त झाला. खुर्ची मिचेलकडे आली. मिचेलला बायका डिझायनर नको होत्या. काही वर्षांत तो गट विखुरला. सू व्हँडरबिल्ट तेवढी टिकली, १९७७ पर्यंत.

मसल कारची जन्मपत्रिका

मसल कार अर्लनं डिझाइन केली नाही, हे आधी स्पष्ट करू. १९६४ मध्ये पाँटिअ‍ॅकनं मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट लेमान्समध्ये ३८९ घनइंचांचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं दांडगं इंजिन बसवलं आणि जीटीओ नावानं विकलं. मसल कारची लाट इथून धरतात. तोवर अर्ल निवृत्तीचं आयुष्य जगत होता. पण जीटीओ ही वेगळी गाडी नव्हतीच, पर्यायांच्या यादीतली ती एक ओळ होती. गिऱ्हाइकानं यादी घेऊन बसायचं आणि एकेका गोष्टीवर खूण करत आपली गाडी बनवायची, ही सवय अर्लच्या जमान्यात लागलेली.

आणि काय काय निवडत होते लोक! जीटीओमध्ये पुढे दोन सुट्या बकेट सीट. त्यावरच्या कव्हरला कंपनी मोरोकाइड म्हणायची. नाव भारदस्त, पण खरं तर आपण ज्याला रेक्झिन म्हणतो तेच. फोर्ड मस्टँगच्या १९६५ च्या वरच्या पॅकेजमध्ये सीटच्या पाठीवर दौडणारे घोडे उठवलेले. १९६९ च्या कॅमॅरोला हाउंडस्टूथ कापड मिळायचं. कोटाच्या कापडावर असते ना, ती तुटक्या चौकड्यांची नक्षी. त्या वर्षी इंडियानापोलिसच्या शर्यतीत पुढे धावणारी कॅमॅरो पांढरी, तिच्यावर नारिंगी पट्टे आणि आत नारिंगी हाउंडस्टूथ. प्लिमथनं तर त्याच वर्षी बाराकुडाच्या छतावर आणि सीटवर चक्क फुलाफुलांचं डिझाइन दिलं.

याच्या अगदी उलट प्लिमथ रोडरनर, १९६८ ची. साधी लांब बाकासारखी सीट, गालिच्याऐवजी खाली रबर. आतले पैसे वाचवा आणि इंजिनात घाला, असा हिशोब. खिशात कमी पैसे असलेल्या पोरांनी ती उचलून धरली. सजावट नको म्हणणं हाही एक पर्यायच होता.

जनरल मोटर्सच्या या गाड्यांमध्ये इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर एक छोटी धातूची पट्टी असते. तिच्यावर बाहेरच्या रंगाचा कोड आणि आतल्या सजावटीचा कोड. गाडीची जन्मपत्रिकाच म्हणा. काही गाड्यांमध्ये तर सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला कारखान्याचा कागदही सापडतो. त्यावर काय काय बसवायचं त्याची यादी असते. आज जुनी गाडी मूळ रूपात आणणारे लोक या कोडशी सीटचं कापड ताडून बघतात. पट्टी काळं म्हणतेय आणि गाडी आतून लाल आहे, तर गाडीचा भाव पडतो. इंजिन मूळचं असून भागत नाही, शिवणही मूळची लागते.

त्या पट्टीवर सगळं असतं. ते कापड ज्या हातांनी निवडलं त्यांचं नाव तेवढं नसतं.

मग हा माणूस हीरो की व्हिलन?

१९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचं अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड हे पुस्तक आलं. गाड्या दिसायला देखण्या आहेत, पण अपघातात माणसाला वाचवत नाहीत, असा त्याचा आरोप होता. डॅशबोर्डवरचं क्रोम डोळ्यांवर चमकतं, टोकदार बटणं डोक्यात-छातीत घुसतात. डिझायनरांवरही त्यानं बोट ठेवलं होतं. १९६८ पासून अमेरिकेत गाड्यांना सुरक्षेचे सरकारी नियम लागू झाले. आतला भाग नुसता सुंदर असून चालेना. रूथ ग्लेनीनं सीटबेल्ट दहा वर्षं आधी दाखवला होता. तेव्हा लोकांनी तिची सीट कव्हरं बघितली.

हार्ली अर्ल १० एप्रिल १९६९ रोजी फ्लोरिडात गेला. योगायोग बघा, त्याच वर्षी आपल्या पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं. वस्तूचं रूप ठरवणं हे शिकायचं शास्त्र आहे, हे आपल्याकडेही मान्य झालं. आज तुमच्यापैकी कुणी डिझाइनला गेलं तर सीएमएफ हा शब्द कानावर पडेल. कलर, मटेरियल, फिनिश. बाइकच्या सीटची शिवण, फोनच्या पाठीचा खरखरीतपणा ठरवणारी ही नोकरी. अर्लच्या पन्नास माणसांच्या खात्याला हिणवणारे इंजिनियर आज असते, तर त्यांना नवल वाटलं असतं.

मला विचाराल तर अर्ल दोन्ही होता. साध्या माणसाला आपल्या आवडीची गाडी मागायचा हक्क त्यानं दिला आणि ती आवड वर्षभरात शिळी करायची युक्तीही त्यानंच शोधली. म्हणून निवडा जरूर. फक्त पर्याय मांडलेत कुणी, आणि त्या यादीत काय नाहीये, तेही एकदा बघा.

पुढच्या वेळी मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांची रॅली बघायला गेलात, तर सगळी गर्दी बोनेटपाशी असेल. तुम्ही मालकाला विचारून दार उघडा आणि आत डोकावा. सीटवर हात फिरवा.

अर्ल, थोडक्यात

१८९३ : हॉलिवूडमध्ये जन्म
१९१९ : वडिलांचा कारखाना डॉन लीकडे
१९२७ : लसाल गाडी, आर्ट अँड कलर सेक्शनची सुरुवात
१९३८ : ब्यूक वाय-जॉब, लपणारे हेडलाइट आणि विजेवरच्या काचा असलेली प्रयोगाची गाडी
१९४० : जनरल मोटर्सचा उपाध्यक्ष
१९५३ : कॉर्व्हेट
१९५८ : मुली डिझायनरांचं प्रदर्शन, वर्षअखेर निवृत्ती
१९६९ : फ्लोरिडात निधन